जुन्या गॉगलचा भाव

माप आणि भाव या दोन गोष्टी आपल्या समाजास नव्या नाहीत. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत आणि म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले जात, हे आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. तेलाच्या धंद्यात माप डोळ्यांसमोर भरले जाते. ते काठोकाठ भरले की नाही, हे देणारा आणि घेणारा असे दोघेही पाहतात. परंतु ज्या वस्तूस मापच नाही, जी जुनी आहे, जिच्यासारखी दुसरी शेजारच्या दुकानात मिळत नाही, अशा वस्तूचा सौदा खरेपणाने कसा करावा? हा प्रश्न गेल्या मे महिन्याच्या सुटीत आयर्लंडमधील कॉर्क शहरी आमच्यापुढे अनपेक्षितपणे उभा राहिला. त्याची हकिकत वाचकांस सांगावी असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

आमची धाकटी बहीण कॉर्क येथे परिचारिका आहे. तिचा मुलगा तेथील विद्यापीठात शिकतो आणि शिकता शिकता जुन्या गॉगलांची खरेदीविक्री करून आपला वरखर्च भागवितो. ही सारी देवघेव इंटरनेटवर होते. आम्ही तेथे महिनाभर राहिलो. त्यात गॉगल लावावा असे ऊन पडलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके. अशा पावसाळी गावात बसून हा मुलगा उन्हाचे चष्मे विकतो, याची आम्हांस प्रथम गंमत वाटली. “मामा, हे लोक ऊन लागते म्हणून घेत नाहीत. जुन्या पोस्टाच्या तिकिटांसारखे जमवितात,” असे त्याने समजावले, आणि मग एकेक नग हाती देऊन त्याचा इतिहास सांगितला.

हा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर गावी 1853 साली जॉन जेकब बॉश या जर्मनीतून आलेल्या कारागिराने हेन्री लोम याच्या भागीदारीत चष्म्यांचा धंदा मांडला. त्यातून बॉश अँड लोम ही कंपनी वाढली. वैमानिकांच्या डोळ्यांस उंचावरील प्रखर उजेड सोसवेना, म्हणून या कंपनीने हिरव्या काचांचा चष्मा तयार केला. 1937 पासून तो ‘रे-बॅन’, म्हणजे किरणांस मज्जाव करणारा, या नावाने विकला जाऊ लागला. 1952 साली जाड प्लॅस्टिकच्या चौकटीचा ‘वेफेअरर’ निघाला. पुढे त्याची चलती ओसरली आणि 1981 साली त्याचे जेमतेम 18,000 नग खपले. मग कंपनीने पैसे मोजून आपले चष्मे चित्रपटांतून नटांच्या डोळ्यांवर चढविले, आणि 1983 साली हाच आकडा 3,60,000 वर गेला. चष्मा तोच, काच तीच. पालटली ती लोकांची नजर. अखेर 1999 साली इटलीच्या लक्सॉटिका कंपनीने हा सारा व्यवसाय 64 कोटी डॉलरना विकत घेतला.

हे 1999 साल जमविणाऱ्यांच्या दृष्टीने मोठे महत्त्वाचे आहे. त्यापूर्वीच्या नगांवर नाकाच्या दांडीपाशी जुन्या कंपनीची ‘बी अँड एल’ ही अक्षरे असतात आणि पुष्कळशा काचांवर, बिजागरीच्या बाजूस, ‘बी एल’ अशी बारीक खूण कोरलेली असते. ती बोटाच्या नखास लागते. डोळ्यांस चटकन दिसत नाही. कित्येक चौकटींवर ‘एकदशांश, 12 कॅरट, जी एफ’ असा छाप आढळतो. आम्ही शाळेत गणित शिकवीत असल्यामुळे हे कोडे आम्हांस लगेच उलगडले. धातूच्या वजनाचा दहावा हिस्सा 12 कॅरटचे सोने, आणि 12 कॅरट म्हणजे निम्मे सोने. तेव्हा शुद्ध सोने विसावा हिस्सा. हा नुसता मुलामा नव्हे, चढविलेला पत्रा आहे, म्हणून तो चाळीस-पन्नास वर्षे टिकतो. शेजारी 58 आणि 14 असे आकडे असतील तर काचेची रुंदी 58 मिलिमीटर आणि मधल्या दांडीची 14 मिलिमीटर असे समजावे.

आता भावाकडे वळू. नवशिका मनुष्य इतरांनी आपापल्या जाहिरातीत काय किंमत लिहिली आहे ते पाहतो आणि फसतो. मागितलेला भाव ही विकणाऱ्याची इच्छा असते, बाजार नव्हे. भाचा प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांचे भाव पाहतो, त्यांतील सर्वांत चढा आणि सर्वांत उतरता असे दोन्ही सोडून देतो आणि उरलेल्यांवरून अंदाज बांधतो. मग वजाबाकी सुरू होते. काचेवर चरा असेल तर इतके कमी, काच मागाहून बदललेली असेल तर पुष्कळच कमी, नाकाच्या टेकणांपाशी हिरवट गंज धरला असेल तर थोडे कमी, मूळचे चामडी घर सोबत असेल तर थोडे अधिक. त्यात पुन्हा सरकारचा वाटा. ब्रिटन युरोपीय संघाच्या बाजारपेठेतून बाहेर पडल्यामुळे 2021 पासून इंग्लंडहून येणारे पार्सल परदेशी ठरते. त्याच वर्षीच्या जुलैपासून लहानात लहान खरेदीवरही कर द्यावा लागतो. म्हणून लंडनचा स्वस्त नग कॉर्कला पोचेपर्यंत महाग होतो, आणि गावातल्या गावात मिळालेल्या नगास किंमत चढते.

घासाघीस मात्र सर्वत्र सारखीच. “शेवटचा भाव किती?” हा मुंबईच्या चोरबाजारातला प्रश्न कॉर्कच्या मुलाच्या फोनवर दिवसातून दहादा येतो. नीतिसूत्रांच्या पुस्तकात एक ग्राहक वर्णिला आहे. तो दुकानात उभा असेपर्यंत मालाला नावे ठेवतो आणि घरी जाताच आपण कसा स्वस्तात मिळविला याची बढाई मारतो. तीन हजार वर्षांत तो बदललेला नाही. आता तो फक्त चेहरा दाखवीत नाही इतकेच. आमच्या मते हाच या नव्या बाजाराचा मोठा दोष होय. आपल्याकडे गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवितात. भाव गुप्त राहतो, पण हातात हात असतो. कॉर्क परगण्यातील बटेव्हंट गावी दर वर्षी 12 जुलैला काहरमीची घोड्यांची जत्रा भरते. आयर्लंडच्या अशा जत्रांत सौदा जुळेना तर तिसरा मनुष्य मध्ये पडतो, दोघांचे हात ओढून एकमेकांवर आपटावयास लावतो आणि फरक निम्मा निम्मा वाटून देतो. सौदा पुरा झाल्यावर विकणारा मिळालेल्या पैशांतून एखादे नाणे घेणाऱ्यास परत करतो. त्यास ‘लक पेनी’ म्हणतात. आपला दुकानदार सकाळच्या भवानीला जसे गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ देत नाही, तशातलाच हा प्रकार. याच्या उलट, क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकातच घासाघीस हे असत्य भाषण मानले आणि एकच भाव सांगण्याचा नेम धरला. त्या पंथाची कॉर्कमध्ये मोठी वस्ती होती. पेनसिल्वेनियाचा संस्थापक विल्यम पेन याने त्या पंथाची दीक्षा कॉर्कमध्येच घेतली. जुन्या वस्तूच्या बाबतीत मात्र एकच भाव कोणता, हे ठरवावे कोणी?

आता मूळ हकिकत. एका शुक्रवारी दुपारी भाच्याने एक जाहिरात पाहिली. शहराच्या पश्चिमेस बालिनकॉलिग म्हणून वस्ती आहे. तेथील एका वृद्ध बाईंनी आपल्या निवर्तलेल्या पतीचा गॉगल विकावयास काढला होता. छायाचित्र अंधुक, वर्णन एका ओळीचे, किंमत 25 युरो. छायाचित्र मोठे करून पाहताच भाच्यास सोन्याच्या पत्र्याचा छाप दिसला. असा नग 120 ते 130 युरोंस सहज जातो, हे त्यास ठाऊक होते. त्याने लगोलग निरोप धाडला की, पूर्ण किंमत देतो, रविवारी येऊन नेतो, तोवर ठेवाल का? बाईंनी ठेवते म्हणून कळविले. तेवढ्यात शब्बाथ लागला आणि फोन बाजूला ठेवला गेला.

मेअखेरीस कॉर्कला दिवस फार मोठा असतो. शनिवारी रात्री साडेदहा वाजून गेल्यावर हबदाला झाली आणि मग हा विषय निघाला. आम्ही सहज विचारले, “त्या बाईंस खरा भाव ठाऊक आहे काय?” तो म्हणाला, “नसावा. पण मामा, मी एक पैसाही कमी केलेला नाही. त्यांनी मागितले तेवढे देतो आहे. यात फसवणूक कोठे आली? चार वर्षे खपून मी हे ज्ञान मिळविले. ते फुकट का वाटावे?” बहिणीने मुलाची बाजू घेतली. “दादा, डॉक्टर आपल्या ज्ञानाचे पैसे घेतोच की नाही?” असे ती म्हणाली.

युक्तिवाद कच्चा नव्हता. ज्ञानाचे मोल असतेच. नाहीतर आम्ही शिक्षक कशावर जगलो असतो? परंतु डॉक्टर रोग्यास रोगाचे नाव सांगून पैसे घेतो, लपवून नव्हे. त्या वेळी आम्हांस आमच्या मावशीचे घर आठवले. 1979 साली मावशीचे कुटुंब इस्राएलला जावयास निघाले. आम्ही तेव्हा लहान होतो. तिकिटे आली होती, दिवस थोडे होते. शिसवी कपाट, तांब्याचा बंब, पितळी हंडे, भिंतीवरचे जुने घड्याळ, सारे काही एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने एका सकाळी हातगाडीवर चढविले. मावशीने मागितले तेवढे पैसे त्यानेही दिले होते. बंब मोडीच्या भावाने गेला आणि घड्याळ जळाऊ लाकडाच्या. पुढे घरातल्या जाणत्या माणसांनी हिशेब सांगितला तेव्हा मावशी समुद्रापलीकडे होती. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी हकिकत असेल. आपला समाज 1948 नंतर घरामागून घर हालला, आणि प्रत्येक हालणाऱ्या घरामागे अशी एक हातगाडी उभी होती.

आपल्या शास्त्राने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात खरेदी असो वा विक्री, एकमेकांस नाडू नये, अशी आज्ञा आहे. ती दोघांसही आहे, केवळ विकणाऱ्यास नव्हे. मिश्नाच्या बावा मेसिया या भागात त्याचे गणितच मांडले आहे. चोवीस नाण्यांच्या व्यवहारात चार नाण्यांची तफावत, म्हणजे सहावा हिस्सा, ही मर्यादा. तफावत त्याहून कमी असेल तर सौदा कायम. नेमकी तेवढी असेल तर सौदा कायम, पण फरक परत द्यावा. अधिक असेल तर सौदा मोडता येतो. लोद गावी रब्बी टार्फोन यांनी ही मर्यादा एकतृतीयांश केली, तेव्हा तेथील व्यापारी खूष झाले. पण तक्रारीस दिवसभराची मुदत राहील असे त्यांनी सांगताच तेच व्यापारी म्हणू लागले की आम्हांस पूर्वीचा नियमच बरा! पूर्वीच्या नियमात घेणाऱ्यास एवढीच मुदत होती की त्याने वस्तू एखाद्या व्यापाऱ्यास किंवा आप्तास दाखवून यावे.

मग विकणाऱ्यास किती मुदत? येथे पंडितांनी जे सांगितले ते वाचून आम्ही तरुणपणीही थक्क झालो होतो. विकणाऱ्यास मुदतीचे बंधन नाही. कारण घेणाऱ्याच्या हाती वस्तू असते, ती तो चार जणांस दाखवू शकतो. विकणाऱ्याच्या हाती काहीच उरलेले नसते. तो दाखविणार काय? बाजाराचे कायदे बहुधा ग्राहकाच्या रक्षणासाठी होतात, आणि ते योग्यही आहे. पण जुन्या वस्तूंच्या बाजारात पुष्कळदा अजाण असतो तो विकणारा, ही गोष्ट ज्यांनी इतक्या पूर्वी ओळखली त्यांची दृष्टी किती सूक्ष्म असली पाहिजे! आणखीही एक सवलत त्यांनी ठेवली आहे. घरधनी आपल्या वापरातील वस्तू विकतो तेव्हा तो चढा भाव मागतो, कारण त्या वस्तूवर त्याचा जीव असतो. घेणाऱ्याने हे जाणूनच घ्यावे, मागाहून तक्रार करू नये. मराठीत किंमत आणि माया या दोहोंना ‘भाव’ हा एकच शब्द आहे, तो उगाच नव्हे.

भाच्याने सारे ऐकून घेतले आणि फक्त एवढेच म्हटले, “म्हणजे मावशीआजीकडे आलेला तो माणूस मीच?” आम्ही उत्तर दिले नाही.

रविवारी आम्ही दोघे गेलो. जाताना वाट वाकडी करून त्याने आम्हांस आल्बर्ट रोडची बाजू दाखविली. गेल्या शतकाच्या आधी लिथुआनियातून आलेली यहुदी कुटुंबे येथल्या लहान लहान घरांत राहिली. त्यांतील कित्येक पाठीवर गाठोडे घेऊन खेडोपाडी माल विकीत आणि आठवड्याच्या हप्त्याने पैसे वसूल करीत. याच हप्त्याच्या धंद्यावर ठपका ठेवून 1904 साली लिमरिक शहरात एका धर्मगुरूने यहुद्यांविरुद्ध प्रवचने केली, बहिष्कार पडला, आणि बरीच घरे ते शहर सोडून गेली. लिमरिकहून कॉर्कला आलेल्या अशाच एका घराण्यातील जेराल्ड गोल्डबर्ग 1977 साली कॉर्कचे लॉर्ड मेयर झाले. साउथ टेरेसवरील सिनेगॉग मात्र 2016 साली बंद झाले. मूठभर लोक असले की एकाच्या सौद्यावर साऱ्यांचे नाव तोलले जाते, हे आपल्याला कोकणातल्या गावांतून कळले आहे, त्यांना तेथे कळले.

बाईंनी चहा केला. गॉगल टेबलावर मऊ फडक्यात ठेवलेला होता. भाचा बोलावयास तोंड उघडतो तोच त्या म्हणाल्या की, काल एकाने 40 युरो देऊ केले होते, पण तुला शब्द दिला होता म्हणून त्यास नाही म्हटले. भाचा क्षणभर गप्प बसला. मग त्याने काचेवरची खूण आणि चौकटीवरचा छाप त्यांस दाखविला, विकल्या गेलेल्या नगांचे भाव फोनवर दाखविले आणि हा नग सव्वाशेच्या आसपास जाईल असे स्पष्ट सांगितले. बाई हसल्या. पती मासे पकडावयास जाताना हा चष्मा लावीत असत, पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाऊ नये म्हणून, असे म्हणाल्या. मग जी घासाघीस झाली तशी आम्ही जन्मात पाहिली नव्हती. विकणारी खाली ओढीत होती आणि घेणारा वर. त्या 50 म्हणाल्या, तो 80 म्हणाला. साफसफाई, पोस्टेज, गिऱ्हाईक शोधण्याची खटपट, हे सारे तूच करणार, असे त्यांचे म्हणणे. शेवटी 70 वर हात मिळाले. उठताना त्यांनी पाच युरोची नोट त्याच्या खिशात कोंबली. ती लक पेनी होती.

गणिताच्या शिक्षकास हिशेब केल्याविना राहवत नाही. पुढे तो नग 120 युरोंस गेला. न बोलता घेतला असता तर पोस्टेज धरण्यापूर्वी 95 युरो सुटले असते. बोलून घेतल्यावर 55 सुटले. म्हणजे खरे बोलण्याची किंमत 40 युरो झाली. एका विद्यार्थ्यास ही रक्कम लहान नाही. तथापि 65 युरो हा भावदेखील सहाव्या हिश्श्याच्या मर्यादेत कोठे बसतो? बसत नाही, पण बसण्याचे कारणही उरले नाही. दोघांस खरा भाव ठाऊक असताना राजीखुषीने कमीअधिक देणे, यास शास्त्राचीही हरकत नाही. हरकत आहे ती दुसऱ्याच्या अंधारावर आपला नफा उभारण्याला.

परतताना भाच्याने विचारले, “आणि समोर जुन्या मालाचा मुरलेला दुकानदार असता, आणि त्याच्या नजरेतून छाप निसटला असता, तर?” दुकानदाराचे काम पाहणे हेच आहे, त्यासाठीच तो दुकान मांडून बसतो, असे आम्ही म्हटले, पण आज्ञेत दुकानदार वगळलेला नाही, हेही आम्हांस ठाऊक होते. यावर त्याचे आणि आमचे अजून पत्राने वाद चालू आहेत. वाचकांपैकी कोणी या विषयाचे जाणकार असतील तर त्यांनी अवश्य लिहावे.

आपल्या वाचकांपुरते मात्र एवढे सुचवितो. आपल्या माळ्यांवर आणि कपाटांत अशा पुष्कळ वस्तू पडून आहेत: जुनी घड्याळे, पेने, चष्मे, तांब्यापितळेची भांडी. मुले बाहेरगावी गेली, घर लहान करावयाचे झाले की त्या निघतात, आणि घाईने निघतात. विकण्यापूर्वी वस्तू उजेडात नेऊन तिच्यावरचे छाप आणि आकडे वाचावेत. दोन जाणत्यांस दाखवावी. मागितलेले भाव पाहू नयेत, मिळालेले पाहावेत. दोष असेल तो स्वतःहून सांगावा. आणि घेणारे असाल तर, घ्यावयाचे नसताना भाव विचारून कोणास आशेस लावू नये, हेही मिश्नातच सांगितले आहे. घासाघीस खुशाल करावी. तिच्यात दोन माणसे एकमेकांशी बोलतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र समोरची व्यक्ती वस्तू देऊन मोकळी झाली की तिच्यापाशी दाखवावयास काही उरत नाही, हे पैसे मोजण्याआधी एकदा मनात आणावे.